शिव्या नसलेला सिनेमा

“मॅडम, पोरगा शिव्या द्यायला लागलाय. आणि सगळ्या सिनेमांतून उचललेल्या.”

समुपदेशक म्हणून फोनवर हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी फार वेगवेगळ्या आवाजांत ऐकलंय. कधी आई बोलते, कधी आजोबा, एकदा तर थोरली बहीण आली होती. तक्रार साधारण एकच असते. पूर्वी सगळं घर एकत्र बसून सिनेमा बघायचं, आता रिमोट मुठीत धरून बसावं लागतं, पडद्यावरचा माणूस कधी काय बोलेल याचा नेम नाही. मोठी माणसं कानकोंडी होतात आणि मुलं निवांत असतात. मग शेवटी, आवाज खाली आणून, खरा प्रश्न येतो. मुलं बिघडली, की आम्हीच मागे राहिलो?

त्यातल्या एका घराची ही गोष्ट, त्यांची परवानगी घेऊन. नावं देत नाही, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पहिल्या भेटीला तिघं आले. वडील, आई आणि 14 वर्षांचा मुलगा. मी मुलाला नाव विचारलं. तो पहिल्याच अक्षरावर अडकला. मान थोडी खाली गेली, ओठ मिटले, हाताची बोटं मांडीवर दाबली गेली. दोन सेकंद झाले नसतील, वडिलांनी त्याचं नाव सांगून टाकलं. मुलगा अडखळत बोलतो ही गोष्ट फोनवर कुणी सांगितली नव्हती. त्यांच्या दृष्टीने तिचा या तक्रारीशी संबंधच नव्हता.

घडलं होतं ते असं. शनिवारी रात्री तिघं मोबाइलवरून टीव्हीला जोडून एक नवा सिनेमा बघत होते. वीसेक मिनिटांत नायकाच्या तोंडून आईवरून शिवी आली. मुलगा हसला. वडिलांनी सिनेमा बंद केला आणि म्हणाले, “यात हसण्यासारखं काय आहे?” त्यावर मुलाने तीच शिवी म्हणून दाखवली. वडिलांना उद्देशून नव्हे, पण त्यांच्या तोंडासमोर, मोठ्याने, एका दमात. वडिलांचा हात उगारला गेला, आई मध्ये पडली. त्यानंतर आठ दिवस घरात बोलणं बंद.

वडील हे सांगत असताना आई गप्प होती. मग मुलाला बाहेर बसवून मी दोघांशी बोलले, तेव्हा ती म्हणाली, “मला वाईट वाटलं ते वाटलंच. पण मॅडम, एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.”

वडिलांनी तिच्याकडे असं बघितलं जणू ती शिवीची बाजू घेतेय. ती बाजू घेत नव्हती. तिने जे टिपलं होतं ते अगदी खरं होतं. गाणं, पाढे, पाठ केलेली कविता, रागाच्या भरात निघालेली शिवी हे बोलणं जुळवावं लागत नाही, ते तयारच बाहेर पडतं. अडखळणाऱ्या अनेकांना हे सहज जमतं. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचा गेलेल्या काही रुग्णांना साधं ‘पाणी द्या’ म्हणता येत नाही, पण शिवी स्पष्ट येते, ती याच कारणाने. या मुलाला सिनेमांतून असे काही शब्द सापडले होते जे त्याला दगा देत नव्हते.

वडिलांची काळजी मात्र मी झटकून टाकणार नव्हते. ‘शब्दच तर आहेत, त्यात काय’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. 2011 साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या 223 शाळकरी मुलांचा अभ्यास आला होता. टीव्ही आणि व्हिडिओ गेममध्ये शिव्या जास्त ऐकणाऱ्या मुलांना शिव्या देण्यात वावगं कमी वाटत होतं, त्या ती जास्त वापरतही होती, आणि याचा आक्रमक वागण्याशीही संबंध दिसला. अर्थात अशा पाहणीतून आधी काय घडलं आणि मागून काय, हे कळत नाही. शिवराळ मुलं शिवराळ सिनेमे निवडत असतील, असंही असू शकतं. हे मी वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना आधी बरं वाटलं, मग ते जरा विचारात पडले.

दुसऱ्या भेटीत त्यांनीच विचारलं, “हे एवढं सैल झालं कधी?”

मी त्यांना जुन्या गोष्टी सांगितल्या. हॉलीवूडने 1930 मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहून घेतली, 1934 पासून ती काटेकोर पाळली जाऊ लागली. त्या काळी पडद्यावर कुणाला ‘नरकात जा’ म्हणायची चोरी होती. देवाधर्माला धक्का लावणारा शब्द सगळ्यांत वाईट, असा तो हिशेब. 1939 मध्ये ‘गॉन विथ द विंड’च्या शेवटी नायक ‘डॅम’ हा एक शब्द उच्चारतो, आणि तेवढ्या मोकळिकीसाठी त्या वर्षी संहितेतच बदल करावा लागला. 1968 मध्ये ती संहिता गेली आणि वयानुसार वर्गवारी आली. त्यानंतर शरीरावरून, संभोगावरून येणारे शब्द पडद्यावर शिरले. आज ‘डॅम’ ऐकून कुणी वर बघतही नाही.

आपल्याकडे 1952 च्या कायद्याने आधी दोनच खाने होते, सर्वांसाठी आणि फक्त प्रौढांसाठी. 1983 मध्ये मधला ‘यूए’, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचा वर्ग, आला, आणि 2023 च्या दुरुस्तीने त्याचेही 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन भाग केले. ‘बँडिट क्वीन’ या सिनेमाचा खटला 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाचं म्हणणं साधारण असं होतं की चार शिव्यांचा एवढा बाऊ नको, त्या प्रत्येक गावच्या रस्त्यावर रोज ऐकू येतात, आणि सिनेमात ऐकल्या म्हणून कुणी प्रौढ माणूस त्या द्यायला लागणार नाही.

“प्रौढ म्हणाले ना?” वडिलांनी लगेच पकडलं. “हा 14 चा आहे.”

बरोबर पकडलं होतं. मीही मान्य केलं.

तिसऱ्या भेटीत मी टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. प्रत्येकी आठ. सांगितलं, सिनेमात ऐकलेले, कानाला लागणारे शब्द एकेका चिठ्ठीवर लिहा. मग त्यांची उतरंड लावा. ज्याचं फारसं काही वाटत नाही ते खाली, जे अजिबात सहन होत नाही ते सगळ्यांत वर. एकमेकांशी बोलायचं नाही. हा प्रयोग मी बऱ्याच घरांत केलाय आणि त्यातून नेहमी काहीतरी हाती लागतं, कारण ‘घाणेरडी भाषा’ म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळेच शब्द असतात.

वडिलांना ते शब्द बायकोसमोर लिहवेनात. त्यांनी फक्त पहिली अक्षरं लिहिली आणि पुढे टिंबं काढली. सगळ्यांत वर आईबहिणीवरच्या शिव्या. सगळ्यांत खाली इंग्रजीतली ती जगप्रसिद्ध चार अक्षरांची शिवी, आणि ती मात्र अख्खी लिहिलेली. मी विचारलं, ही का खाली? म्हणाले, “इंग्रजी पिक्चरमध्ये चालतंच ते. काही वाटत नाही.” अर्थाने बघितलं तर दोन्ही सारख्याच जळजळीत आहेत. पण मातृभाषेतला शब्द आपण लहानपणी फटक्यासोबत शिकलेलो असतो. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजीही येणाऱ्या लोकांवर 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. निषिद्ध शब्द आणि लहानपणी ऐकलेली रागावणी मातृभाषेत कानी पडली की त्यांच्या तळहातांना जास्त घाम सुटायचा, तेच इंग्रजीत ऐकलं तर कमी. मराठी सिनेमात, मराठी वेब सिरीजमध्ये शिव्या आल्यावर इतके लोक हादरले त्यामागे हेही आहे, असं मला वाटतं. इंग्रजी सिनेमातून त्या कधीपासूनच घरात येत होत्या.

आईच्या उतरंडीत सगळ्यांत वर ‘पांढऱ्या पायाची’ अशी चिठ्ठी होती. आईबहिणीवरच्या शिव्यांच्याही वर. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवून ‘आत्ता नको’ असं सुचवलं. ते मी तिथेच ठेवलं. त्यावर आम्ही पुढे स्वतंत्र बोललो आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलाच्या उतरंडीत ज्या शिवीवरून रामायण झालं होतं ती मध्यावर होती. वरच्या टोकाला एकच चिठ्ठी, आणि तिच्यावर बॉलपेन इतकं दाबून लिहिलं होतं की अक्षरं मागच्या बाजूला उमटली होती.

तोतऱ्या.

वडील वाकून वाचायला लागले. “अरे, ही शिवी कुठे आहे? मॅडमनी सिनेमातले शब्द लिहायला सांगितलेत.”

मुलगा बोलायला लागला. “बा... बा...” वडिलांचे ओठ हलले, ते त्याच्यासाठी शब्द शोधत होते. मी हाताने थांबा म्हटलं. खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता. “बाबा, त... तुम्ही तो जो सिनेमा ल... लावता. द... दर रविवारी. त्यात आहे.”

तो सिनेमा त्या घराचा लाडका होता. जुना, विनोदी, स्वच्छ. एकही शिवी नाही, लहानथोर सगळ्यांनी एकत्र बघावा असा, आणि नव्या सिनेमांना नावं ठेवताना वडील दाखला द्यायचे तो याच सिनेमाचा. त्यात एक नोकर आहे, तो अडखळत बोलतो. तो बोलायला लागला की बाकीचे हसतात, एक जण त्याला ‘ए तोतऱ्या’ म्हणून हाक मारतो, शेवटी मालक त्याचं वाक्य पूर्ण करून त्याला हाकलतो. वडील त्या प्रसंगाला मनमोकळं हसायचे. त्यांना तो सिनेमा त्यांच्या वडिलांबरोबर बघितल्यापासून पाठ होता. मुलाला एवढ्या वर्षांत कधी त्यावर बोलावंसं वाटलं नव्हतं. तो प्रसंग जवळ आला की तो पाणी प्यायला उठायचा. शाळेत त्याला त्याच नावाने, त्याच सुरात हाक मारायचे.

वडील बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण ते गंमत म्हणून असतं.” त्यांचं त्यांनाच ते पटलेलं दिसत नव्हतं.

या क्षणी कुणाला तरी दोषी ठरवणं सोपं असतं. मी ते टाळलं. हा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या लहानपणी वाईट भाषेची एकच व्याख्या होती, कमरेखालचे शब्द, आणि त्या व्याख्येप्रमाणे त्याने आपलं घर इमानाने जपलं होतं. दरम्यान व्याख्या सरकली होती. मी त्यांना ‘मेरी पॉपिन्स’चं सांगितलं. 1964 चा मुलांचा सिनेमा, शिवी औषधालाही नाही. सिनेमांची वयानुसार वर्गवारी करणाऱ्या ब्रिटनच्या मंडळाने 2024 मध्ये तो पुन्हा तपासला आणि सर्वांसाठीच्या वर्गातून काढून पालकांनी लक्ष घालावं अशा वर्गात टाकला. कारण त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या एका जमातीसाठी गोऱ्यांनी वापरलेला हिणवणारा शब्द आहे. त्याच मंडळाने त्याच वर्षी नवे नियम आणले. त्यासाठी 12 हजार लोकांची मतं घेतली होती. लोकांना जास्त खुपत होते ते बायकांना हिणवणारे आणि लैंगिक अर्थाचे शब्द, आणि असे काही शब्द मंडळाने लहान मुलांच्या वर्गातून वरच्या वयाकडे ढकलले.

आपल्याकडचं उदाहरण तर या मुलाच्या चिठ्ठीशी थेट जोडलेलं आहे. एका हिंदी सिनेमात अडखळणाऱ्या माणसाला ‘अटकी हुई कैसेट’ म्हटलं होतं, विस्मरण झालेल्या बापाला ‘भुलक्कड बाप’. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै 2024 च्या निकालात न्यायालयाने सिनेमाला हात लावला नाही, पण अपंगत्व पडद्यावर कसं दाखवावं याची मार्गदर्शक तत्त्वं सांगितली आणि विनोदात फरक केला. एक विनोद अपंग माणसाला कमी लेखतो, दुसरा त्याचं जगणं समजून घ्यायला मदत करतो. खरं तर सेन्सॉरच्या 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही अपंगांची विनाकारण टिंगल नको असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं होतं, हसणारे हसत होते.

मुलगा हे सगळं ऐकत होता. न्यायालयात कुणीतरी या गोष्टीसाठी गेलं होतं, हे त्याने मला दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

वाचकांपैकी अनेकांना आता विचारावंसं वाटत असेल, मग त्या शिवीचं काय? ती माफ? अजिबात नाही. पुढच्या दोन भेटी त्यावरच गेल्या. मी मुलाला विचारलं, ही शिवी कुणाला लागते? तो म्हणाला, ज्याला देतो त्याला. मी म्हटलं, त्या शब्दांत तो माणूस कुठे आहे, सांग बघू. भांडण दोन पुरुषांचं, आणि शब्दांत ओरबाडली जाते ती तिथे नसलेली एक बाई. तो आईकडे बघत नव्हता, पण त्याचे कान लाल झाले. सिनेमातल्या बहुतेक शिव्यांबद्दल माझा राग याच कारणाने आहे आणि तो मी पालकांपासून किंवा मुलांपासून लपवत नाही. एखाद्या पात्राची मग्रुरी, त्याची भीती, त्याचं दारिद्र्य दाखवायला शिवी लागत असेल तर लागो. दर वाक्याला चिकटवलेली शिवी मात्र लेखकाचा आळस असतो, आणि मुलांच्या तोंडात तीच बसते.

शब्द तोच, जागा बदलली की वजन बदलतं, हे सांगायला मला ‘द किंग्ज स्पीच’ उपयोगी पडला. ब्रिटनचा अडखळणारा राजा आणि त्याचा वाचा-उपचारक यांचा 2010 चा सिनेमा. एका प्रसंगात उपचारक राजाला शिव्या द्यायला लावतो आणि राजा त्या धडाधड, न अडखळता देतो. त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याला आधी 15 वर्षांची अट लागली होती. दाद मागितल्यावर मंडळाने ती 12 वर आणली, कारण शिव्या कुणावर फेकलेल्या नाहीत, उपचाराच्या खोलीतल्या आहेत. अमेरिकेत मात्र त्याच शब्दांमुळे 17 खालच्या मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही, असं प्रमाणपत्र मिळालं. तो प्रसंग आम्ही माझ्या खोलीत एकत्र बघितला. मुलगा हसला. या वेळी वडिलांनी त्याला का हसतोस ते विचारलं नाही.

घरासाठी जे ठरलं ते साधं होतं. सिनेमा लावण्याआधी वयाची खूण बघायची. ओटीटीवर 2021 च्या नियमांनुसार ती लिहिलेली असते, आणि 13 वर्षांपुढच्या गोष्टींना पालकांना कुलूप घालता येतं. 16 ची खूण असलेलं दोन वर्षं थांबेल, यावर मुलाने बरीच घासाघीस केली आणि शेवटी मानलं. शिवी आली तर तडकाफडकी बंद करायचं नाही, कारण बंद केल्याने शिवीच लक्षात राहते, सिनेमा विसरला जातो. संपल्यावर बोलायचं, तो माणूस असं का बोलला, कुणाला लागलं. पायाला खुर्ची लागली आणि तोंडातून काही निघालं तर घरातले ऐकलं न ऐकलं करतील. (बर्फाच्या पाण्यात हात धरलेले लोक शिव्या देताना जास्त वेळ टिकतात, असं 2009 मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगात दिसलं होतं, हे कळल्यावर मुलगा भलताच खूश झाला.) माणसाला उद्देशून मात्र नाही, मुलाने नाही आणि गाडी चालवताना वडिलांनीही नाही. शेवटची अट आईची.

आणि मुलाचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. वडिलांना सगळ्यांत अवघड गेलं ते हे. मायेपोटीच ते करायचे. त्यांना मुलाचा अडकलेला चेहरा बघवत नव्हता. वाचा-उपचार तज्ज्ञांकडेही मी त्यांना पाठवलं, जे खरं तर फार आधी व्हायला हवं होतं. शाळेतल्या हाकांबद्दल आई वर्गशिक्षिकांशी बोलली. त्यातून थोडं निभावलं, सगळं नाही.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले. मुलगा अजून अडखळतो. तोंडात अधूनमधून शिवीही येते, पण आठ दिवसांचा अबोला पुन्हा झालेला नाही. मी जुन्या सिनेमाचं विचारलं. वडील जरा संकोचले. म्हणाले, बरेच रविवार लावलाच नाही. मग मागच्या आठवड्यात आईने लावला. नोकराचा प्रसंग जवळ आला तशी त्यांची घालमेल सुरू झाली. रिमोट उचलला आणि तो सगळा भाग पुढे पळवला.

“मग?” मी मुलाला विचारलं.

“ग... गाणं पण गेलं त्यात,” तो म्हणाला. “माझं आवडतं. म... मीच सांगितलं, मागे घ्या.”

“आणि तो प्रसंग?”

“तो पण ल... लागला. बाबा ह... हसले नाहीत.” तो थांबला. या वेळी अडखळून नव्हे, आठवून. “मग गाणं आम्ही तिघांनी म्हटलं.”

गाताना तो अडखळत नाही, हे आईने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.